सात आखूड, एक लांब : आयकॉन ऑफ द सीजवरचा आमचा पहिला दिवस

बंदरावरची

मार्च 2024 मध्ये आई-बाबांना घेऊन मायामीहून आयकॉन ऑफ द सीज या क्रूझ जहाजावर सात रात्रींचा प्रवास केला. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते आहे, पण सगळ्या आठवड्याचं नाही, फक्त पहिल्या दिवसाचं. बाकीचे दिवस आपोआप मजेत जातात. पहिला दिवस मात्र दमवतो, आणि सत्तरी ओलांडलेली माणसं बरोबर असली की तो नीट आखावाच लागतो. शिवाय त्या दिवशी जे घडलं ते मला लिहून ठेवायचंच आहे.

बाबा 79 वर्षांचे, आई 73. बाबांचं गाव रेवसजवळ. लहानपणापासून भाऊचा धक्का ते रेवस अशी लाँचने ये-जा केलेली, त्यामुळे पाण्याचं त्यांना नवल नाही. आईला मात्र घाटात गाडी लागते, तर बोट लागेलच अशी मला धास्ती होती.

जहाज तेव्हा अगदी कोरं होतं. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या मायर गोदीत बांधलं, नोव्हेंबर 2023 मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताब्यात आलं आणि 27 जानेवारी 2024 ला पहिल्या सफरीवर निघालं. लांबी 365 मीटर, वीस मजले, पूर्ण भरलं तर 7,600 प्रवासी आणि वर 2,350 कर्मचारी. मोटार बंदराच्या पुलावर चढली आणि समोर ते दिसलं तेव्हा आई म्हणाली, "ही बोट? मला वाटलं हॉटेलं आहेत."

आमची वेळ साडेअकराची होती. मोठ्या बॅगा टर्मिनलबाहेरच हमालांकडे द्यायच्या, त्या नंतर खोलीच्या दाराशी येतात. ॲपमध्ये पासपोर्ट, व्हिसा, फोटो सगळं आधीच भरलं होतं, म्हणून आत फारसं थांबावं लागलं नाही. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा होता. तो तसाच हवा, कारण जहाज बहामासारख्या दुसऱ्या देशांत जाऊन परत येतं आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो.

इथे माझी चूक झाली. बाबांच्या रक्तदाबाच्या रात्रीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या. बॅग साडेसातला आली, गोळीची वेळ आठ, म्हणून निभावलं. पण दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. औषधं, चष्मा, कपड्यांचा एक जोड, पोहायचे कपडे आणि सगळी कागदपत्रं पाठीवरच्या पिशवीत ठेवा. संध्याकाळपर्यंत तेवढंच तुमचं असतं.

खोल्या एकच्या सुमारास उघडतात, म्हणून आधी जेवण. सगळा लोंढा बुफेकडे वळतो. आम्ही आईला खिडकीशी बसवलं आणि आळीपाळीने वाढून आणलं. त्या दिवशी डाळ, भात आणि एक भाजी होती. भात मिळाल्यावर आई निवांत झाली. पुढचे दोन तास आम्ही जहाज बघायला अजिबात गेलो नाही. सात तलाव, सहा घसरगुंड्या, मधोमध खरी झाडं लावलेली बाग, हे सगळं उद्याही तिथेच असणार होतं. ज्यांनी एका दमात वीसही मजले पालथे घातले ते रात्रीच्या जेवणाला डुलक्या घेताना दिसले.

आता मुख्य गोष्ट. खोलीत गेल्यावर मी कपाटं बघत होते आणि बाबा पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत होते. मग कपाट, मग बाल्कनी. मी विचारलं तर म्हणाले, "लाइफजॅकेट कुठे आहेत?" खोलीत नव्हतीच. बाबांचा चेहरा असा उतरला की आधी मला कळेचना. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आधी ते दाखव. मग मी बाकीचं बघेन."

टीव्हीवर सुरक्षेची फिल्म लावली. त्यात धोक्याचा इशारा ऐकवतात : सात आखूड भोंगे आणि एक लांब. बाबांनी तो दोनदा ऐकला, आईलाही ऐकवला. मग आम्ही खोलीच्या कार्डावर छापलेल्या, आणीबाणीत जमण्याच्या जागी गेलो. जॅकेटं तिथे होती. एवढ्या मोठ्या जहाजावर ती जमण्याच्या जागीच ठेवतात, म्हणजे धूर झाला तर माणूस जॅकेटासाठी खोलीकडे उलटा धावत नाही. तिथल्या मुलाने घालून दाखवलं आणि आमची कार्डं स्कॅन केली. काम दोन मिनिटांचं. मागचे लोक कार्ड टेकवून बारकडे जात होते. बाबा हलेनात. त्याला विचारत राहिले : आमची लाइफबोट कोणती, तिथे कुठल्या दाराने जायचं, लिफ्ट बंद पडली तर जिना कुठला. मुलाच्या छातीवरच्या पट्टीवर इंडिया लिहिलं होतं. तो गोव्याचा निघाला, मराठी समजत होतं. त्याने बाबांना जिन्यापर्यंत नेऊन दार दाखवलं.

परत येताना बाबा बोलले. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांत बाबांच्या मोठ्या आत्याचे यजमान होते. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. आत्या पुढची चाळीस वर्षं जगली पण लाँचमध्ये कधी बसली नाही. पेणवरून वळसा घालून यायची. हे नातं मला इतकंच माहीत होतं की "आत्याचे यजमान लवकर गेले".

चारनंतर वर गेलो. जहाज धक्क्यावरून सुटलं तेव्हा पायाखाली काही कळलंच नाही, किनारा सरकतो आहे एवढंच दिसलं. मायामी बंदरातून समुद्रात जायची पाण्याची वाट निमुळती आहे, गव्हर्न्मेंट कट म्हणतात तिला. टोकाला साउथ पॉइंटचा बगिचा आहे, तिथे माणसं नुसती जहाजं बघायला उभी असतात आणि हात हलवतात. आईने दोन्ही हात हलवले. बाबा खाली पायलट बोट शोधत होते, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या वाटाड्याला परत नेणारी बोट. खाडीतोंडाबाहेर वाटाड्या शिडीवरून त्या छोट्या बोटीत उतरला तेव्हाच त्यांनी आईला सांगितलं, "आता आपण समुद्रात."

विचारा काय विचारायचं ते.

गलबत

ताई, वाचता वाचता थांबलो. माझ्या आजोबांच्या आळीतली तीन घरं रामदासने रिकामी केली. गटारीसाठी गावी निघालेले लोक होते. आमच्याकडे अजून त्या दिवशी कोणी दर्यात जात नाही. बोटीवर बिनतारीची सोय नव्हती. पोहून मुंबईला पोचलेल्यांनी सांगितलं तेव्हा शहराला कळलं, असं घरात ऐकत आलोय. तुमच्या बाबांनी पलंगाखाली शोधलं ते मला पूर्ण समजतं.

तारवटी

मी गोव्यातला, सतरा वर्षं बोटीवर. जहाजाचं नाव लिहीत नाही. आमच्या घरात तिसरी पिढी, आजोबा मुंबईत धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वस्तीघरात, राहून बोटीची वाट बघायचे.

काकांना माझा नमस्कार सांगा. ते ज्या मुलाशी बोलले त्याला त्या दिवशी बरं वाटलं असेल. प्रवासी आमच्याकडे बघतही नाहीत तेव्हा, कार्ड टेकवून जातात. खरं म्हणजे तुम्हाला रात्री सूप वाढणारा, खोली झाडणारा, नाचणारा, प्रत्येकाला आणीबाणीचा एक नंबर आणि एक काम असतं. कोणी जिन्यावर उभा राहतो, कोणी खोल्या तपासतो, कोणी लाइफबोटीत. गर्दी कशी हाताळायची याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या कामावर कोणाला उभं करत नाहीत.

आता 13 जानेवारी 2012 ची गोष्ट. कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीत जिलिओ बेटाच्या खडकावर घासली, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिवितावेकिया बंदरात जे प्रवासी चढले होते त्यांची सुरक्षेची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवली होती. तेव्हा नियमच तसा होता, चोवीस तासांत केली तरी चालायची. म्हणजे अपघात झाला तेव्हा कुठे जमायचं हे त्यांना कोणी दाखवलेलं नव्हतं. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला : बंदर सोडण्याआधी किंवा सोडताच लगेच. काकांना पहिल्याच दुपारी कार्ड घेऊन जावं लागलं ते त्यामुळे.

खाडीकाठ

अडीच लाख टन वजन आणि वर वीस मजले, हे वाऱ्यात कलंडत कसं नाही? माझी आई याच एका भीतीने तयार होत नाहीये.

सुकाणू

जहाजबांधणीत काम करतो म्हणून उत्तर देतो. आधी एक दुरुस्ती. आयकॉनचे जे 2,48,663 टन सांगतात ते वजन नाही, ते ग्रॉस टनेज. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती, याचं ते माप. प्रत्यक्ष वजन त्यापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून "टायटॅनिकच्या पाचपट" हे वाक्य खरं आहे (ती 46,328 ग्रॉस टन, 269 मीटर), पण पाचपट जड असा त्याचा अर्थ नाही.

कलंडण्याबद्दल : डोळ्यांना वरचे मजले दिसतात, पण जड सामान सगळं खाली असतं. इंजिनं, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या, भांडारं. वरचा भाग मुद्दाम हलका बांधतात. त्यात रुंदी भरपूर. शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना विमानाच्या पंखासारखे फिन असतात, ते लाट येईल तसे वळून डोलणं कमी करतात. आयकॉनला नेहमीचं सुकाणूही नाही. मागे तीन अझिपॉड आहेत, म्हणजे विजेवर चालणारे, गोल फिरू शकणारे पंखे. पुढे आडवे थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे. म्हणून धक्क्यावरून सुटताना ताईंना पायाखाली काही जाणवलं नाही.

आईंना सांगा की गोदीतून निघाल्यावर हे जहाज 2023 च्या जूनपासून समुद्रात चाचण्या देत होतं. पूर्ण वेगात एकदम वळवून, एकदम थांबवून बघतात. प्रवासी बसतात ते त्यानंतर.

ओहोटी

सगळं छान, पण एक मुद्दा राहतोय. हे जहाज द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतं आणि म्हणून स्वच्छ, अशी जाहिरात होते. काजळी आणि गंधक कमी होतं हे खरं. पण त्या इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. आपण कोकणातली माणसं, किनारा खचतोय हे रोज बघतो. मला असल्या जहाजावर जावंसं वाटत नाही.

सुकाणू

मिथेन निसटण्याचा मुद्दा बरोबर आहे, आमच्या धंद्यातही तो गंभीरपणे घेतात. इंजिन कमी भारावर चालतं तेव्हा जास्त निसटतो. यावर काम चालू आहे, पण सुटलेला नाही.

बंदरावरची

ओहोटी, मी हा विचार करूनच गेले आणि तरी गेले, कारण बाबांच्या गुडघ्यांना आता दुसरा कुठला प्रवास झेपत नाही. तुमचं म्हणणं पटतं.

चहाबाज

एक अनुभव. जहाज वेगळं होतं. आम्ही आल्याचा चहा स्वतः करावा म्हणून छोटी विजेची किटली नेली. क्ष-किरण तपासणीत ती बॅग अडकली. सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची नाही. तळमजल्यावर जाऊन सही करून सोडवावी लागली, आणि किटली शेवटच्या दिवशी परत मिळाली. इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टर काही नेऊ नका. चालत्या जहाजावर आगीपेक्षा वाईट काही नाही, तिथे अग्निशमनचा बंब येत नाही. हे नंतर समजलं तेव्हा राग गेला. चहाचा मसाला मात्र नेता येतो, गरम पाणी चोवीस तास मिळतं.

पाऊलवाट

घरचे लाडू, थालीपिठं चालतात का? सासूबाई बाहेरचं खात नाहीत.

बंदरावरची

घरी केलेले पदार्थ शक्यतो नेऊच नका. कंपनीचं बंद पाकीट असलेला चिवडा, खाकरा, गोळ्या चालतात. आणि जहाजावरून बंदरात उतरताना फळ, शिजवलेलं अन्न खिशात ठेवू नका, शेतीखात्याचे नियम कडक असतात. त्यापेक्षा पहिल्याच संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य वेटरशी बोला. कांदा-लसूण नको, अंडं नको, जे असेल ते स्पष्ट सांगा. आमच्या टेबलाला त्याने दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्रीच दाखवला आणि आईसाठी वेगळी भाजी करून घेतली. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर एक दिवस वाया जातो.

खाडीकाठ

आणि बोट लागली का आईंना?

बंदरावरची

नाही! खोली मधोमध आणि फार वर नाही अशी घेतली होती. झोका टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त लागतो. आलेपाक, आवळासुपारी हाताशी होती. पहिल्या रात्री तिला किंचित गरगरलं, तेव्हा तिला बाल्कनीत क्षितिजाकडे तोंड करून बसवलं. दहा मिनिटांत बरं वाटलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतलीच नाही.

दर्याकिनारा

मुंबईतून बॅलार्ड पिअरवरून कॉर्डेलिया एम्प्रेस या क्रूझ जहाजावर गेलो होतो. ती 1990 ची, आयकॉनच्या एक पंचमांश. तरी पहिल्या दिवसाचं सगळं तेच : बॅग देणं, कार्ड, कवायत, मग जेवण. ज्यांना अमेरिका जमत नाही त्यांनी आधी असा एक लहान प्रवास करून बघावा. म्हाताऱ्या माणसांना काय सोसतं ते दोन रात्रींत कळतं. आणि लहान जहाजाचं एक बरं, खोलीपासून जेवणघर जवळ.

तारवटी

हे शंभर टक्के खरं.

कोणी विचारलं नाही, तरी आमचा पहिला दिवस लिहितो. माझं पहिलं काँट्रॅक्ट. सकाळी बंदरावर पोचलो. हातात पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), मेडिकल, एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाची) सर्टिफिकेटं. मागच्या आठवड्याचे प्रवासी अजून उतरत होते. त्याच वेळी दुसऱ्या दाराने पॅलेटवर भाज्या, अंडी, पीठ चढत होतं, बॅगांचे पिंजरे फोर्कलिफ्टवर येत होते. होम पोर्टच्या, म्हणजे सफर जिथे संपते आणि नवी सुरू होते त्या बंदराच्या, दिवशी शेवटचा प्रवासी उतरतो आणि नवा चढतो यांत आम्हाला जेमतेम तास-दोन तास मिळतात. त्यात प्रत्येक खोलीची चादर बदलायची.

खाली जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब रस्ता असतो, अमेरिकी कंपन्यांत त्याला आय-95 म्हणतात, त्यांच्या हायवेवरून. मी त्याच्यावर तीनदा हरवलो. दुपारी लाँड्रीतून युनिफॉर्म मिळाला. खोली दोघांची, खिडकी नाही. बॅग उघडायच्या आधी सुरक्षेचा वर्ग, नंबराचं कार्ड, माझी लाइफबोट. मग संध्याकाळी सहाला बुफेवर उभा. जहाज सुटल्याचं मला दिसलंच नाही. रात्री साडेअकराला कर्मचाऱ्यांच्या उघड्या डेकवर गेलो तेव्हा चारी बाजूंनी काळोख होता. आईला फोन करायला कार्ड नव्हतं. एक सावंतवाडीचा जुना माणूस होता, त्याने स्वतःचं दिलं.

म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी तुमची खोली एक वाजता तयार नसली तर त्या मुलीवर ओरडू नका. ती पहाटेपासून वाकलेली असते.

बंदरावरची

आईने वाचलं हे. ती म्हणते, आमची खोली झाडणारी मुलगी इंडोनेशियाची होती, तिला दोन वर्षांचं बाळ घरी होतं. आईने तिला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

पाऊलवाट

शेवटचा प्रश्न. सासूबाई व्हीलचेअरवर असतात. कवायतीला त्यांनाही जावं लागतं का? आणि खरंच प्रसंग आला तर लिफ्ट बंद असताना त्यांना खाली कोण आणणार?

तारवटी

बुकिंगच्या वेळीच कळवा, वहिनी, टर्मिनलवर नको. तुमच्या सासूबाईंचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत जातं, आणि त्या खोलीसाठी माणसं नेमलेली असतात, जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्च्या असतात. कवायतीला त्यांना घेऊन जाच, दुपारी दोन-अडीचला, तेव्हा गर्दी कमी असते आणि आम्हाला वेळ असतो. तिथल्या माणसाला सांगा, "यांना कोण न्यायला येणार ते दाखवा." तो रेडिओवरून विचारून सांगेल.

पाऊलवाट

आजच फोन करते. दादा, आभार.